आभाळातलं मातीत

आउग्सबुर्ग, ३ जून १७७९

ती. सौ. बुर्गीताईस, सा. न. वि. वि.

आणि म्हणे घंटेच्या आवाजाने वीज पळते! ताई, तुझं पत्र वाचून मी उडालोच. काल आमच्या सरांनी काचेचं चाक फिरवून चक्क टेबलावर वीज पाडली. चिमुकली, पण खरी! मी नुसता त्या यंत्राला जोडलेला ओला दोर धरला होता, तर कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. आणि आपले क्साव्हरदाजी भर वादळात घंटेचा तस्साच ओला दोर ओढत उभे असतात? पलीकडच्या गावचा घंटावाला दोर हातात धरूनच गेला, विसरलात सगळे?

उपाय सोपा आहे. चर्चच्या मनोऱ्यावर लोखंडी सळई लावा. तिची तार बाहेरून, घंटेपासून लांब, थेट ओल्या मातीत गाडा. वीज मुकाट जमिनीत जाते. आणि वादळात दोराला हात लावायचा नाही! फादर ओरडतील, ओरडू देत. दाजींना म्हणावं, मेव्हण्याला खुशाल हसा, पण ऐका.

लोभ आहेच, पण तो करायला दाजी धडधाकट हवेत.

तुझा कोर्बी

*

घरून, १९ जून

चि. कोर्बीस, अनेक आशीर्वाद.

अरे, धक्का तर आम्हालाच बसला! फादर ओरडलेच नाहीत. म्हणाले, वीजही देवाची आणि ती आवरायची अक्कलही देवाचीच. स्वतः लोहाराला घेऊन आले. सळई काय दिसते म्हणून सांगू!

फक्त तार मातीत गाडायची म्हटल्यावर गाव भडकलं. लोहाराची बायको म्हणाली, आभाळातून येणारं चिखलात घालता, लाज नाही वाटत? मग फादरनी सगळ्यांचंच मन राखलं. सळईवर पवित्र पाणी शिंपडलं आणि तार आणून घंटेलाच बांधली. आता म्हणे विजेची ताकद घंटेत उतरणार, आवाज दुप्पट लांब जाणार.

तुझे दाजी तर भलतेच खूश. म्हणतात, मेव्हण्याची सळई डोक्यावर असताना भीती कसली? आधी घाबरायचे रे. बोलायचे नाहीत, पण ढग दिसले की त्यांना घास उतरायचा नाही. आज मात्र काळा पाव पोटभर खाल्ला, वर बिअर प्यायले, आणि शीळ घालत मनोऱ्याकडे गेले. डोंगरामागे काळंकुट्ट झालंय.

आमच्यावर अशीच माया ठेव. तुझ्यामुळे मी आज पहिल्यांदाच निर्धास्त बसलेय.

तुझी ताई

ता. क. घंटा सुरू झाली बघ. मातीऐवजी घंटेला तार बांधली तरी चालतं ना रे? तुला काय वाटतं?