अंगणातली बाज

१८ मे, रविवार. कोथरूड.

काल गावाला निघायचं होतं. निघालो खडकवासल्याला! मित्र म्हणाला चल, मग धरण, मग भजी, आणि बस राहिलीच.

आज संध्याकाळी मोठ्या आईचा, म्हणजे काकूचा, फोन. "काऊन रे, तुही बस पुण्यातच फिरून राहिली का?" मी हसलो. मग म्हणाली, "मोठ्या बाबानं बाज कसून ठेवली होती तुही."

लहानपणी दर उन्हाळ्यात आम्ही नऊ भावंडं तिथं जायचो. आम्ही पोचायच्या आधी मोठे बाबा प्रत्येकाच्या बाजेची सैल दोरी ओढून घट्ट करायचे. अंगणात ओळीनं नऊ बाजा. आता कुणीच जात नाही. यंदा एकच बाज बाहेर काढली, माझी. या वयात पाय रोवून दोरी ओढत बसले असतील. आणि मी भजी खात होतो.

"उचलू का मग बाज?"

"नको, राहू दे," म्हणालो. कधी येतो ते मात्र सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

"बरं," ती म्हणाली. "कोणाले बसू देत नाहीत ते तिच्यावर. सैल होईन म्हणतात."