पासबुकातली एक ओळ

प्रिय बुटक्या,

हे नाव आता तुला शोभत नाही, ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी घरातून गेलास तेव्हाच माझ्यापेक्षा वीतभर उंच होतास. पण दुसऱ्या कुठल्या नावाने सुरुवात केली तर हात अडखळेल, आणि या पत्राला आधीच तीन दिवस उशीर झाला आहे. चार कागद फाडले. जन्मभर बायंडिंग केलेल्या माणसाने कागद फाडावा, म्हणजे काय अवस्था आहे ते बघ.

खालच्या मजल्यावरचा तुझा दोस्त, इलेक्ट्रिशियन, गेल्या आठवड्यात वर आला आणि तू भेटल्याचं त्याने सांगितलं. फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात आहेस, दुकानाच्या माळ्यावरच राहतोस, वाळला आहेस, दाढी ठेवली आहेस. पत्ताही त्यानेच दिला. आई त्याला फिरून फिरून विचारत होती, खोकला आहे का, चष्मा लागलाय का. मी पेपर उघडून बसलो होतो. पेपर उलटा धरला नव्हता, एवढंच.

मी छापखान्यातून निवृत्त झालो त्याला दोन वर्षं झाली. पेन्शन जमा झाली की पासबुक भरून आणायला आम्ही दोघं चालत जायचो, तेवढंच फिरणं. पाच महिन्यांपूर्वी असेच गेलो होतो. आईला त्यातलं काही कळत नाही असा माझा समज होता, पण ती ओळ पहिल्यांदा तिनेच पाहिली. पेन्शनच्या खाली दोन लाख नव्वद हजार जमा. कोणी भरले त्याचं नाव नाही, नुसती अक्षरं आणि आकडे.

दोन लाख शहाऐंशी हजार चारशे. हा आकडा तू विसरला नसशील, मीही नाही. तिसऱ्या वर्षाला शिक्षण सोडून आलास त्या दिवशी मी तुझ्या फिया, वसतिगृह, पुस्तकं, सगळं एका कागदावर लिहून खाली बेरीज मारली आणि तो कागद तुझ्या ताटाशेजारी ठेवला. बुटांचे दोन जोडसुद्धा लिहिले होते. तू जेवला नाहीस. कागदाची घडी खिशात टाकलीस, पै न् पै फेडीन म्हणालास आणि गेलास. बूट लिहायला नको होते. बाकीचंही नको होतं, पण बूट तर नकोच होते रे.

तर बँकेत आम्ही दोघं ती एकच ओळ वाचत होतो. आईच्या मते पोराने आठवण ठेवली. माझ्या मते पोराने तोंडावर फेकले, वर छत्तीसशे जास्त, सुटे परत नकोत म्हणून. ती हसत होती, मी घामाघूम. हे पैसे दुसऱ्याच कुणाचे असतील हे दोघांच्याही मनात आलं नाही. काउंटर चार पावलांवर होता. एक पान उलटं लागलं तर अख्खा गठ्ठा उसवायला लावणारा माणूस मी, पण कोणी भरले हे मी विचारलं नाही. त्यांनी तुझं नाव घेतलं असतं तर मला तिथेच सगळ्यांसमोर रडू फुटलं असतं.

पैसे बाजूला ठेवू, पत्ता मिळाला की परत पाठवू, असा माझा हट्ट. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग मी नमलो. तिने तुझी मागची खोली दुरुस्तीला काढली. छताची ओल, कुजलेली खिडकी, गळका नळ, सगळं नीट करून घेतलं. सुताराला सांगून पलंग नेहमीपेक्षा अर्धा फूट लांब करवून घेतला, का तर तुझे पाय बाहेर येतात. आणि दात बसवले. चार वर्षं तोंडावर हात धरून बोलायची. म्हणाली, तो आला तर हात मोकळे हवेत. दाराला रंग मी स्वतः दिला. रंग देता देता मलाही वाटायला लागलं की तिचंच बरोबर असेल, तू फेकले नसशील, पाठवले असशील. मी आनंदात होतो, हे कबूल करतो.

मग बँकेतून फोन आला. अधिकारी बाईंनी, तुझ्याच वयाच्या असतील, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं. लाकडाच्या एका व्यापाऱ्याचे पैसे, खाते क्रमांकातला एक आकडा चुकून आमच्या खात्यात पडलेले. तो बिचारा अडीच महिने खेटे घालत होता. त्या म्हणाल्या, अनोळखी रक्कम दिसली की त्याच दिवशी बँकेला लेखी कळवायचं, पोच घ्यायची आणि त्यातल्या एकाही पैशाला हात लावायचा नाही. बँक आपली रक्कम काढून घेते, विषय संपतो. खर्च केली तर तो गुन्हा धरला जाऊ शकतो. मी गुन्हेगार, बुटक्या, या वयात. का नाही कळवलंत, असं त्यांनी अगदी हळू विचारलं. मी म्हणालो, मला वाटलं मुलाने पाठवले. मुलगा नेहमी पाठवतो का, असं त्यांनी विचारलं. मी पासबुक त्यांच्यापुढे सरकवलं.

खरं सांगतो, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तू फेकले नव्हतेस. आणि लगेच उमगलं, तू काहीच केलं नव्हतंस. सहा वर्षांत तू आम्हाला रागसुद्धा पाठवला नव्हतास.

उरलेले पैसे बँकेने त्याच दिवशी काढून घेतले. खर्च झालेले चार वर्षं पेन्शनमधून कापले जातील, तसं लिहून दिलंय. म्हणून आठवड्यातून तीन दिवस मी पुन्हा बायंडिंगला जातो, शाळांची रजिस्टरं शिवतो. आईला सांगतो, वाचनालयात जातो. पासबुकही आता मी एकटाच भरून आणतो, तिला दाखवत नाही. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस आता मला मजुरी देतो आणि अजून मास्तर म्हणतो. त्याने तसं म्हणू नये असं वाटतं. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, सुई टोचली तरी उशिरा कळतं. चार वर्षं मी पुरेन की नाही, ठाऊक नाही.

आईला मी सांगू शकलेलो नाही. एकदा सांगायला गेलो तर ती तुझ्या पलंगावरच्या चादरीला इस्त्री करत होती. दुसऱ्यांदा गेलो तर किराणावाल्याला सांगत होती, आमच्या मुलाने पाठवलेत. मी आल्यापावली परतलो. त्या खोलीत मी आता जात नाही. तू परत येशील असं मला वाटत नाही, आणि नाही आलास तर दोष तुझा नाही.

पण ती निघाली आहे. पत्ता हातात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने बसचं तिकीट काढलं. रविवारी सकाळी ती तुझ्या दुकानाचा जिना चढत असेल, एकटी. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलंय. तुझ्या तोंडावर हात फिरवून तिला म्हणायचंय की पैसे पावले. म्हणून हे पत्र आज कुरियरने पाठवतोय, तिच्या आधी तुला मिळावं म्हणून. मला तुझ्याकडून पैसे नकोत, दिलेस तरी घेणार नाही. माफीही मागत नाही, ती मागायची तर मला स्वतः यायला हवं होतं. फक्त तिने विषय काढला की कसले पैसे, असं विचारू नकोस. ती तिथेच पायरीवर बसेल आणि तिला उठवायला मी नसेन. एवढंच म्हण, पोचले ना? मी तुला खोटं बोलायला सांगतोय, हे मला कळतंय.

तुझाच,
बाबा