नानांच्या फोटोपुढचं पिल्लू

यावल, रविवार, दिवेलागण

अजून नुसती धुमसतेय. रागानं, दुसरं काय!

आज नानांची शोकसभा होती. बिबट्यांसाठी जन्मभर राबलेला माणूस. केळीच्या बागेत पिल्लू सापडलं की अमळनेरहून धावत यायचे आणि एकच सांगायचे, "हात लावू नका रे भो, तेनी माय ई जाई." त्याची आई येऊन नेईल म्हणत सगळ्यांना बांधावरून हाकलायचे. अंधार पडला की मादी यायची, पिल्लू तोंडात धरून न्यायची.

आणि आज? सभा भरवणारे केळीबागायतदार भाऊसाहेब माइकवर रडत होते, "नाना माझे गुरू!" तेवढ्यात त्यांचा सालदार गडी त्यांच्याच बागेतलं बिबट्याचं पिल्लू पोत्यात गुंडाळून घेऊन आला. मला वाटलं, आता तरी गुरू आठवेल. कसलं काय! म्हणाले, "नानांच्या फोटोपुढं ठेवा. याहून मोठी श्रद्धांजली कोणती?"

टाळ्या! शोकसभेत टाळ्या वाजवल्या मूर्खांनी. पिल्लू झेंडूच्या हारात अडकून केकाटत होतं आणि हे एकेक जण त्याला कुरवाळत सेल्फी घेत होते. नानांचे म्हणे शिष्य!

मी पिल्लू पोत्यासकट उचललं. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, सभा तरी संपू द्या."

"तुमची चालू द्या," म्हटलं आणि निघाले. सालदाराला जागा दाखवायला लावली, पिल्लू होतं तिथंच ठेवलं. आता लांब, रस्त्यावर गाडीत बसून लिहितेय.

अंधार पडत आलाय. पिल्लाच्या अंगाला झेंडूचा वास लागलाय, आणि त्या सगळ्यांच्या हातांचा.

नाना, ई जाई ना तेनी माय?