जाहिरातीतल्या माणसांचे हात

३ मार्च
रिटायर होऊन आठवडा झाला. माळा आवरताना ट्रंकेच्या तळाशी अंथरलेले जुन्या वर्तमानपत्राचे अंक सापडले. बातम्या शिळ्या, पण जाहिरातींतली चित्रं! टॉनिक पिऊन वाघाकडे दुर्लक्ष करणारा गृहस्थ. साबणाच्या वडीकडे नवऱ्याकडे पाहावं तसं पाहणारी बाई. ही म्हणाली, नवऱ्याकडे तसं कुणीच पाहत नाही. संध्याकाळपर्यंत एकोणीस चित्रं कापली. माळा उद्या.

७ मार्च
शोध लागला! एकाही माणसाचे हात दिसत नाहीत. खिशात, पाठीमागे, नाहीतर भल्यामोठ्या डब्याआड. त्या काळच्या माणसाचा संकोच! यावर पुस्तकच होईल. उद्यापासून पहाटे पाचला उठून लिहिणार.

८ मार्च, सकाळी ९.४०
गजर हिने बंद केला असणार. ही म्हणते, तुम्हीच केलात. वाद घालण्यात वेळ गेला, त्यामुळे लेखन नाही.

१६ मार्च
पुस्तकाआधी प्रदर्शन बरं. ग्रंथपालांनी येत्या रविवारी वाचनालयाचा हॉल दिला. गर्दीचं काय करायचं विचारलं. ते म्हणाले, झाली तर बघू. सावध माणूस.

२२ मार्च, रविवार
अकरापर्यंत तिघे आले. दोघे पंख्याखाली बसायला. तिसरे काठी टेकत आलेले एक आजोबा. त्यांना अर्धा तास संकोचाचा सिद्धान्त समजावला. शेवटी ते म्हणाले, ही चित्रं माझीच. पेपरचे मालक एका चित्राला वीस मिनिटं द्यायचे. हात काढण्यात वेळ जायचा, म्हणून सरळ खिशात घालायचो.
कलावंताला स्वतःची कला कळतेच असं नाही. सौम्यपणे तसं सांगितलं. ते हसले, म्हणाले, आता वेळच वेळ आहे. माझ्यासोबत आलेल्या हिला समोर बसवलं आणि पेन्सिल मागून हिचं चित्र काढलं, हातांसकट. विळीचे वण, सुजलेला अंगठा, सगळं हुबेहूब. ही म्हणाली, माझ्या हातांकडे इतका वेळ कुणी पहिल्यांदाच पाहिलं. मला उद्देशून नसावं.
वाचनालयातली माणसं डोकावू लागली आणि बघता बघता रांग लागली. मीही उभा राहिलो. नंबर आला आणि आजोबांची जेवायची वेळ झाली.

२४ मार्च
ग्रंथपालांचा फोन. दर रविवारी आजोबा चित्रकला शिकवणार. भिंत मोकळी हवी, तेव्हा माझी कात्रणं घेऊन जावीत. पण माझ्यासारखा माणूस ते कसा सोडतील? बैठकीची संपूर्ण व्यवस्था माझ्याकडे सोपवली आहे. खुर्च्या बावीस. पहिल्या रांगेतली एक हिची. ती आधी पुसून ठेवायला हिनेच सांगितलंय.