शाळेचं अर्धं मैदान

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, आणि जेवणाच्या वेळा पाळत नसशीलच, म्हणून एक धपाटा.

इथला फोन अधूनमधून मुका होतो, तेव्हा पत्रच बरं. शाळेच्या मैदानातले सुरुंग काढायला तुमच्या सरकारने पाठवलेली तुकडी आता निम्म्यावर आली आहे. माणसं गुडघ्यांवर बसून वीत वीत जमीन चाचपत सरकतात. त्यांचा प्रमुख इतका उंच आहे की पोरं त्याला शिडीकाका म्हणतात. त्यांची एक पद्धत मला फार आवडली. एखादा पट्टा साफ झाला की सगळे हातात हात घालून आधी स्वतः त्यावरून चालतात, मगच आम्हाला पाय ठेवू देतात.

लढाई थांबल्यापासून शाळा धान्याच्या गोदामात भरते आहे. जूनमध्ये आपल्या इमारतीत जायचं, असं मी सगळ्या आईबापांना सांगून बसले आहे. पण शिडीकाका म्हणतो, त्याच्या पत्रांना वरून उत्तरंच येईनाशी झालीत. तू टीव्हीवर मंत्र्यांच्या तोंडाला पावडर लावतोस, काही कानावर आलं तर कळव.

तुझ्यावर लोभ आहेच, तू माझ्या काळजीत भर घालू नकोस.
ताई

१४ मार्च

ती. ताई, वाकून नमस्कार. धपाटा पोचला.

माझ्या कानावर येतं ते सध्या अख्ख्या देशाच्या कानावर येतंय. आमच्या परराष्ट्रमंत्र्यांनी हेलिकॉप्टरच्या सौद्यात एका दलालाकडून फ्लॅट घेतला, असं बाहेर आलंय. तेव्हापासून मित्रदेशांच्या मदतीच्या एकाही फायलीवर सही होत नाही. आज केलेली सही उद्या अंगाशी येईल, ही प्रत्येकाला धास्ती. मंत्री रोज आमच्याकडे खुलासा करायला येतात. पूर्वी खुर्चीत बसून विनोद सांगायचे, आता मानेला इतका घाम येतो की पावडर टिकत नाही.

पाहुण्यांशी हवापाण्यापलीकडे बोलायचं नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. आज मला राहवलं नाही. कपाळावर ब्रश फिरवता फिरवता सांगून टाकलं की माझी बहीण तिकडे हेडबाई आहे आणि तिचं मैदान अर्धं राहिलंय. त्यांनी डोळे उघडले, गावाचं नाव दोनदा विचारलं आणि ताठ बसले. काम झालं असं समज. नोकरी गेली तर तुझ्या शाळेत शिपाई होईन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
धाकटा

१५ मार्च

ती. ताई, नमस्कार. हे पत्र आधी पोचलं तर कालचं वाचू नकोस.

काल माझ्या खुर्चीतून उठून ते थेट कॅमेऱ्यापुढे गेले आणि तुझ्या गावाचं नाव घेऊन म्हणाले, की मी राजीनामा दिला तर तिथली मुलं सुरुंगांवर पाय ठेवतील. आज सकाळी विरोधी पक्ष विचारतोय, हे सुरुंगांचं कामसुद्धा याच दलालाला दिलंय का. चौकशी संपेपर्यंत सगळ्या तुकड्या परत बोलावल्यात. मी त्यांच्या हातात ढाल दिली आणि ती तुझी पोरं निघाली.

मंत्री जातीलच. त्या खुर्चीत नवा माणूस येईल, त्याच्याशी बोलू का? तू म्हणशील तसं.

रागावलीस तरी पत्र लिही.
धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद. उशिरा लिहिते आहे, कारण आधी लिहिलेली पत्रं फाडली. ती तू वाचण्यासारखी नव्हती.

तुकडी मार्चमध्येच गेली. फाटकापासून पायरीपर्यंतचं अर्धं मैदान उरलं होतं. मी शिडीकाकाला म्हटलं, इथे काही नसेलच, तू नुसतं हो म्हण. तो म्हणाला, बाई, ज्यावरून मी चालत नाही त्यावरून तुमची पोरं कशी जातील. मग त्याने जाता जाता उरलेल्या भागाच्या कडेची दोरी नीट ताणून बांधली.

मी गवंडी बोलावून मागच्या भिंतीत दार पाडलं. शाळा ठरल्या दिवशी भरली. निम्मी मुलं आली. बाकीच्यांच्या आया म्हणतात, गोदामच बरं होतं. त्यांना खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही. तुमच्याकडचा एक फोटोवाला आला, त्याला पोरं दोरीपाशी उभी हवी होती. त्याला मी मागच्या दाराने आणलं आणि मागच्या दारानेच घालवलं.

नव्या मंत्र्याशी बोलू नकोस, असं लिहिणार होते. बोल. पण शाळा म्हणू नकोस, नुसती जमीन म्हण. पोरांचा विषय निघाला की माणसं भाषणं करतात.

परवा मधल्या सुट्टीत चेंडू दोरीपलीकडे गेला. एकही पोर हललं नाही. खेळणारी सगळी जागच्या जागी उभी, आणि मग गुपचूप वर्गात येऊन बसली. मी शाबासकी दिली आणि ऑफिसचं दार लावून घेतलं. चेंडू खिडकीतून दिसतो.

दुसरा पाठव. जरा जड बघ, फार लांब न जाणारा.

तुझीच,
ताई