आजार ‘स्वीकारला’ म्हणून बंद केलेल्या प्रकरणाबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मनआधार समुपदेशन केंद्र, कळंब, जि. धाराशिव

अर्जदार: आण्णासाहेब, वय ७६, रा. तेरखेडा, ता. वाशी

विषय: पत्नी सौ. कमलबाई यांच्या राहिलेल्या सात बैठका पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ: आपला शेरा दि. ३/११/२०२५, “रुग्णाने आजार स्वीकारला. प्रकरण बंद.”

महोदय,

अर्जदार सविनय कळवितो की, वरील शेरा ज्या मेंदूतून उतरला तो मेंदू केंद्राने जपून ठेवावा. अजून नवाकोरा आहे.

१. कमलबाईंना मंत्रचळ आहे. आपल्या कागदावर त्यालाच ओसीडी म्हणतात. गॅसचं बटण बंद दिसत असूनही मन ‘चालूच हाय’ म्हणतं. त्यात गाव फटाक्यांच्या कारखान्यांचं. ठिणगी पडली तर तेरखेडा उडून सोलापुरात पडेल, ही त्यांची भीती. एकदा त्यांच्यापायी एसटी फाट्यावरून माघारी वळली. बेचाळीस प्रवासी स्वयंपाकघरात येऊन बटण बघून गेले, कंडक्टरनं भिंतीवर सही केली. तरी बाई म्हणाल्या, “डायवर न्हाय आला बघायला.” यात अर्जदाराने काही वाढवलेलं नाही, प्रवासी फार तर एकेचाळीस असतील.

२. परंड्याला दिलेली लेक राजनंदिनी चार वर्षं आईची वाट बघते. आई पिशवी घेऊन निघते आणि उंबऱ्यावरून परत चुलीकडं वळते.

३. आपल्या समुपदेशक दीपमालाताई यांनी पाच बैठकांत शिकवलं, की मनात आलेल्या विचाराशी भांडू नका, त्याला हाकलू नका. तो आला हे स्वीकारा, अन् पाय लेकीच्या वाटेला लावा. आता बाई त्या विचारालाच सुनावतात, “आलास व्हय रं? बस तिथं. मला जायचंय.” बटण बघायच्या तीस खेपांच्या जागी आठ खेपा झाल्या. ताईंनी वहीत लिहिलं, ‘स्वीकार उत्तम.’

४. ते वाचून आपले लिपिक शिवानंद यांनी, टपाल घ्यावं तसा कमलबाईंनी आजार ताब्यात घेतला असं धरून शिक्का हाणला. अर्जदार विचारायला गेला तर म्हणतात, “काका, एकदा माल स्वीकारला की तक्रार चालत न्हाय.” आणि आपण, महोदय, त्याखाली सही ठोकलीत. स्वीकारायचा होता तो विचार. आजार काही पोच देऊन घरी न्यायचा नव्हता. नवरीनं हार स्वीकारला म्हणून कुणी संसार संपला असं लिहितं का? आपल्याकडं लिहीत असतील.

सबब, प्रकरण पुन्हा उघडावे. शेऱ्याची छायाप्रत जोडली आहे. आपण मूळ प्रत वाचलेली नाही, निदान ही वाचावी.

येत्या गुरुवारी कमलबाई एकट्याच एसटीनं येणार आहेत. सोबत जाऊ नका, असं ताईंनी अर्जदारास बजावलं आहे. त्या पोचल्या तर ‘बऱ्या झाल्या’ म्हणून दारातून परत लावू नये. न पोचल्यास ‘गैरहजर’ लिहू नये. ‘निम्म्या वाटेवर, येरमाळ्यापर्यंत आल्या होत्या’ असं लिहावं.

आपला, नाइलाजाने नम्र,
(सही) आण्णासाहेब
तेरखेडा, दि. १०/११/२०२५