रेणुकाला दे

४ डिसें., सोम.
फुटबॉलची सेमी जिंकलो, २-१. दोन्ही गोल रेणुकाचे. दुसरा मारताना पडली, गुडघा मुरगळला, दोघींनी उचलून बाहेर आणली. तिकडं पोरी नाचत होत्या. मीपण हसत होतो. नंतर लाज वाटली.

५ डिसें.
डॉक्टर म्हणाले, दीड महिना पळायचं नाही, आत्ता खेळली तर गुडघा कायमचा जाईल. फायनल रविवारी. मुख्याध्यापकांना सांगितलं. चहा मागवला नि म्हणाले, "बघा काहीतरी, पट्टा बांधून." एकोणीस वर्षं पीटी शिकवतोय, "बघा काहीतरी" ऐकून कंटाळा आला.

७ डिसें., गुरु.
मंद्रूपच्या पोरींशी सरावाचा सामना. रेणुका माझ्याशेजारी बाकावर. तिच्याऐवजी राखीवातली कविता घेतली, पण उजवीकडं. ०-४. निम्मे पास डावीकडून रेषेबाहेर, कारण तिथं रेणुका असते. बघतसुद्धा नाहीत, सवयीनं मारतात. कविता हात वर करून उभीच. तीन वर्षं मीच शिकवलंय हे. आणि शेवटी मीच ओरडलो, "अगं, रेणुकाला दे!"
शेजारून आवाज, "सर, मी हितं हाय की."
पोरी हसल्या.

८ डिसें.
गोलकीपर सायरा विचारते, "सर, ती नसली तर बॉल कुणाला द्यायचा?" म्हटलं, मोकळी दिसेल तिला. मान डोलावली. प्रॅक्टिसला परत डावीकडंच मारला.

९ डिसें., शनि.
रेणुकाचे वडील आले, मेंढरं भावाकडं सोडून. वाटलं भांडतील. "दुखत न्हाय म्हणती ती. मला त्यातलं काय कळतंय सर? तुमी म्हणाल तसं." भांडले असते तर बरं झालं असतं.
रेणुका म्हणाली, "खेळते की सर. अर्धाच वेळ." तोंडभर हसली. जाताना व्हरांड्याच्या तीन पायऱ्या कठडा धरून उतरली, एकेक. मी बघतोय हे तिला दिसलं नाही.

यादी उद्या आठला द्यायची. दहा नावं लिहिली. अकरावं कविताचं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पोरगी कशी खेळते, खरंच माहीत नाही. तीन वर्षांत तिला कुणी पासच दिला नाही.